तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधली

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो, आणि या घडीला अडकलेली आहे. अडकलेल्या लिफ्टला लोक आधी शिव्या देतात, मग जिन्याकडे वळतात आणि मग विसरून जातात. तुम्ही जरा थांबा. बटण दाबू नका, त्याचा काही उपयोग नाही. नुसतं ऐका. कितीतरी दिवसांत एक माणूस सोडला, तर माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही आणि माझ्या पोटात बोलण्यासारखं खूप साठलंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सुताराने माझी खोली चांगल्या लाकडाची केली आणि आतून इतकी घासली, की हात फिरवला तर एकही कुसळ टोचू नये. मागच्या भिंतीला आरसा बसवला. दाराला पितळी मूठ लावली. फिटरने माझे पोलादी दोर ताणून बघितले आणि म्हणाला, "ही पोरगी नाव काढणार." मी नाव काढलं, पण कसलं, ते पुढे सांगते. मला एवढंच ठाऊक होतं की मला दोनच दिशा मिळणार आहेत, वर आणि खाली. उजवीकडे काय आहे, डावीकडे काय आहे, ते मला आजतागायत माहीत नाही. चार भिंतींच्या उभ्या पोकळीत मला दोरांनी टांगलं आणि वरून झाकण घातलं. तिथून मी बाहेर पडलेली नाही.

ही इमारत सहा मजल्यांची आहे. खालच्या तीन मजल्यांवर राज्य सरकारचं जमीन खातं आहे. वरच्या तीन मजल्यांवर देशाच्या सरकारचं टपाल खातं आहे. इमारतीखालची जागा राज्याने दिली, इमारत देशाने बांधली. मी चालू झाले त्या दिवशी राज्याचे मंत्री आले आणि देशाचेही मंत्री आले. पहिलं बटण कोणी दाबायचं यावरून दोघांच्या माणसांची अशी जुंपली, की शेवटी दोघांची बोटं एकाच बटणावर ठेवली आणि फोटो काढला. भाषणात दोघांनीही सांगितलं, "ही लिफ्ट आमच्या सरकारने तुम्हाला दिली आहे." माझ्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन पाट्या लागल्या. मी तर मनातल्या मनात अशी मुरडले म्हणता! एका नवरीला दोन दोन वऱ्हाडं, आणखी काय हवं?

मला चालवायला आला तो लिफ्टमन. वयाने तरणाताठाच होता, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्याला मामा म्हणायला लागले. काही माणसं जन्मतःच मामा असतात. मामा राज्य सरकारचा नोकर. माझी मोटर मात्र गच्चीवरच्या खोलीत आणि त्या खोलीची किल्ली टपाल खात्याकडे. दारांच्या किल्ल्या ज्या त्या मजल्याकडे. म्हणजे बघा, माझा माणूस एकाचा, मोटर दुसऱ्याची आणि दारं अर्धी अर्धी. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

तुम्ही म्हणाल, लिफ्टला एवढं कायद्याचं ज्ञान कुठून आलं? अहो, माझ्यात वकील चढतात, अधिकारी चढतात, मास्तर चढतात. खालून वर जाईपर्यंत माणसाला करण्यासारखं काही नसतं, म्हणून तो बोलतो. एकदा नागरिकशास्त्राच्या एक बाई वर्गातली मुलं घेऊन आल्या होत्या. त्यांनी जाता जाता फार छान समजावलं. संविधान म्हणजे देश कसा चालवायचा याचा सर्वांत मोठा कायदा. त्यात कामांची वाटणी करून दिलेली असते. जे सगळ्या देशाला एकसारखं लागतं, ते देशाच्या संसदेने बघायचं, म्हणजे सैन्य, परदेशांशी संबंध, नाणी, रेल्वे, टपाल. जे जागोजागी वेगळं असतं, ते राज्याने बघायचं, म्हणजे जमीन, शेती, पोलीस, दवाखाने. काही कामं दोघांनी मिळून बघायची, जसं शिक्षण नाहीतर जंगल. तिथे दोघांचे कायदे एकमेकांना आडवे आले, तर संसदेचा कायदा वर. आणि ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, अशा उरल्यासुरल्या गोष्टीसुद्धा आपल्याकडे संसदेच्याच.

"आणि ही लिफ्ट कोणाची हो, मामा?" बाईंनी गंमतीने विचारलं.

"ज्याला वर जायचंय त्याची," मामा म्हणाले. "पाय आत घ्या बाळांनो, दार लावतोय."

मी त्या वाटणीच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगते. एकाच जागी बसून एकाच माणसाने सगळं ठरवलं, तर लांबच्या गावातल्या बांधाचं काय, हे त्याला कसं कळणार? आणि प्रत्येक राज्याने आपापलं वेगळं नाणं पाडलं तर वाटेतच प्रवास संपायचा. वाटणी शहाण्या माणसांनी विचार करून केलेली आहे. पण वाटणी झाली की मध्ये एक शिवण पडते, आणि त्या शिवणीवर उभं राहायची पाळी कोणावर तरी येते. या इमारतीत ती शिवण तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आहे. जिन्यात तिथे पितळेची एक पट्टी ठोकलेली आहे. खालचा झाडूवाला पट्टीपर्यंत झाडतो, वरचा पट्टीपासून झाडतो, आणि पट्टीवर कायम कचरा असतो.

एक आजोबा होते. त्यांच्या शेताच्या मधोमध टपाल खात्याची भिंत उभी राहिली आणि अर्ध्या शेताला जायची वाटच बंद झाली. ते दुसऱ्या मजल्यावर गेले की जमीन खातं सांगायचं, "भिंत टपालवाल्यांची आहे, वर जा." पाचव्या मजल्यावर टपाल खातं सांगायचं, "वाट म्हणजे जमीन आली, खाली जा." बिचारे माझ्यातच राहायला आल्यासारखे झाले. मामा त्यांना आपलं स्टूल द्यायचे.

"आजोबा, आज कुठे? वर की खाली?"

"तू नेशील तिथे ने बाबा. दोन्हीकडे तेच ऐकायचंय."

हसू नका. मलाही तेव्हा हसू यायचं. पुढे त्यांची जी गत, तीच माझी झाली.

मामांची एक मुलगी होती. आई लवकर गेली, घरात बाप आणि लेक दोघंच. लहान असताना ती शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन यायची आणि माझ्या आरशात बघून वेणीची रिबीन सारखी करायची. परीक्षा देऊन ती चौथ्या मजल्यावर टपाल खात्यात टायपिस्ट म्हणून लागली. त्या दिवशी मामांनी तिला एकटीलाच वर नेलं. ती उतरली तेव्हा म्हणाले, "चौथा मजला, मॅडम." ती लाजली आणि त्यांच्या दंडावर चापट मारून पळाली.

मामा मला सगळं सांगायचे. म्हणायचे, "आमच्या घरात जेवायला दोन सरकारं बसतात बघ." लेक म्हणे, "बाबा, तुमच्या राज्याला सांगा, नळाला पाणी येत नाहीये." मामा म्हणत, "आधी तुझ्या देशाला सांग, पोस्टमन आपलं पत्र शेजारी टाकतो." मग दोघं हसत आणि भांडी कोणी घासायची यावर खरं भांडण होई. ते भांडण ऐकायला मला फार आवडायचं.

मग एके दिवशी माझा दोर जरासा सरकला. मी जुनी झाले होते हो. एक धक्का बसला आणि टपाल खात्याचे एक अधिकारी आत पडले. त्यांचा हात मोडला. दुसऱ्या दिवसापासून मी कोणाचीच नाही! दाराच्या एका बाजूची पाटी निघाली, आठवड्याभरात दुसरीही निघाली. राज्याने म्हटलं, "इमारत देशाची, म्हणजे लिफ्ट देशाची. आमचा काय संबंध?" देशाने म्हटलं, "लिफ्ट सुरक्षित आहे की नाही हे बघायचं काम राज्याच्या कायद्यात लिहिलंय. आमचा काय संबंध?" एरवी अधिकार हवा असतो तेव्हा दोघं दोन्ही हातांनी ओढतात. इथे जबाबदारी होती, म्हणून दोघंही ढकलायला लागले. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टात गेलेली गोष्ट सावकाश म्हातारी होते.

दोन्हीकडचे वकील मला बघायला आले. दोघंही माझ्यात उभे राहिले, पण बटण कोणीच दाबेना. ज्याने दाबलं त्याने 'वापर' केला असं ठरलं तर? शेवटी मामांनी दाबलं. वर जाईपर्यंत दोघंही वकील छताकडे बघत उभे होते, जणू काही ते जातच नव्हते.

चौथ्या मजल्यावर तेव्हा एक साधे, मायाळू साहेब होते. माझ्यातला दिवा गेला. लोक अंधारात ठेचकाळायला लागले, तेव्हा त्यांनी दया येऊन शिपायाकडून नवा दिवा लावून घेतला. झालं! राज्याच्या वकिलाने तो दिवा कोर्टात टेबलावर ठेवला. "दिवा यांनी लावला, म्हणजे लिफ्ट यांनी आपली मानली." त्या साहेबांची इतक्या लांब बदली झाली, की त्यांचं सामान पोचायच्या आधी त्यांच्या बदलीची पुढची ऑर्डर पोचली असं म्हणतात. तेव्हापासून दोन्हीकडे एकच हुकूम निघाला, लिफ्टला हात लावायचा नाही. हात लावला की ती तुमची.

मग मला कोण तेल घालणार? कोण दोर तपासणार? मामांना माझी काळजी वाटायची, पण त्यांनाही ताकीद होती, कारण त्यांचा हात म्हणजे राज्याचा हात. ते नुसता माझा आरसा रुमालाने पुसायचे. कोणी हटकलं तर म्हणायचे, "लिफ्ट कुठे पुसतोय? मी माझं थोबाड बघतोय." माझ्या अंगावर गंज चढत होता, मोटर कण्हत होती, तारांवरचं कापड उंदीर कुरतडत होते. मी ओरडून सांगत होते, पण माझं ओरडणं म्हणजे नुसती करकर. लोक म्हणायचे, जुनी झालीय.

आणि तो दिवस उजाडला. दुपारची जेवणं झाली होती. मामा एकटेच आत होते, चौथ्यावरून कोणीतरी घंटी दिली म्हणून निघाले होते. तिसरा मजला ओलांडला आणि वर गच्चीवर काहीतरी फाटकन फुटल्यासारखा आवाज झाला. वीज गेली. माझा ब्रेक घट्ट बसला. मी जिथे होते तिथेच थांबले. माझ्या दारासमोर मजल्याचं दार नव्हतं, नुसती भिंत. खाली तिसरा, वर चौथा, आणि मी पट्टीवर.

मामा आधी हसले. "बसलीस ना रुसून, म्हातारे?" मग त्यांना वास आला. मोटर जळत होती. तिचा धूर पोकळीतून खाली उतरत होता. मामांना दमा होता. त्यांचा औषधाचा पंप तळमजल्यावर, खुंटीला टांगलेल्या पिशवीत होता. ते माझ्या तळावर बसले, नाकाला रुमाल लावला आणि पितळी मूठ खडखडवत माझं दार आतून ठोकायला लागले. मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांना नेलं-आणलं, आणि ज्याने मला जपलं त्यालाच मी चारी बाजूंनी कोंडून बसले होते. मला तो एक श्वाससुद्धा बाहेरून आणून देता येईना.

खाली तिसऱ्या मजल्यावर जमीन खात्याचे साहेब धावत आले. "मामा, घाबरू नका! मी मुख्य कार्यालयाला फोन लावतोय."

"साहेब," मामा आतून म्हणाले, "मुख्य कार्यालय येऊन दार उघडणार आहे का?"

आगीचा बंब बोलावला होता, पण तो नदीपलीकडून यायचा होता. आता उपाय एकच. मामा हलके, आणि माझ्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला जड वजन टांगलेलं. नुसता ब्रेक सोडला असता, तर मी सरसर वर गेले असते, थेट धुरात. म्हणून दोघांनी गच्चीवरच्या खोलीत जायचं, एकाने ब्रेकचा दांडा ओढून धरायचा, दुसऱ्याने मोठं चाक हाताने उलटं फिरवायचं आणि मला खाली तिसऱ्यावर आणायचं. मग तिसऱ्याचं दार किल्लीने उघडायचं. वरची किल्ली देशाची, खालची किल्ली राज्याची. एकाने उघडून भागणार नव्हतं.

चौथ्या मजल्यावर टपाल खात्याच्या मॅडम आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांची खोली माझ्या दारासमोरच, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मामांची लेक त्यांच्यापुढे उभी होती.

"मॅडम, मोटरच्या खोलीची किल्ली द्या."

"अगं, देता आली असती तर मागावी लागली असती का? परवाच वकिलांचं पत्र आलंय. त्या दिव्याचं काय झालं ते तुला माहीत नाही का? किल्ली दिली, चाक फिरवलं, की लिफ्ट आमची झाली. पुढे जे होईल ते सगळं माझ्या अंगावर."

"आत माझे बाबा आहेत."

"मला कळत नाही का? माझं काय काळीज दगडाचं आहे?" मॅडमनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. "मी वर विचारलंय. उत्तर येतंय."

"त्यांना दमा आहे, मॅडम. खोकला ऐकू येतोय ना? उत्तर येईपर्यंत तो थांबेल. आणि तो थांबला तर मला चालणार नाही."

लेक त्यांच्या शेजारून आत गेली आणि भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढली. "मी घेतलीय. तुम्ही दिली नाही. हवं तसं लिहा." तिला ती नोकरी किती कष्टाने मिळाली होती, हे मला माहीत आहे. अभ्यासाची पुस्तकं तिने माझ्याच कोपऱ्यात, स्टुलावर बसून वाचली होती.

ती जिन्याने वर धावली. मॅडम तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, चपला तिथेच काढल्या आणि तिच्या मागे पळाल्या. "अगं थांब! ब्रेक कोण धरणार? एकटीने कसं होईल?"

गच्चीवरच्या खोलीत धूर कोंडला होता. त्या दोघींनी दार उघडून तो बाहेर जाऊ दिला. मॅडमनी दांडा ओढून धरला, लेकीने चाकाला अंग लावलं. ते चाक फिरेना. कित्येक वर्षं त्याला कोणी तेल घातलं नव्हतं. ती रडत होती, दातओठ खात होती आणि ढकलत होती. मग ते कुरकुरलं आणि हललं. मी बोटभर खाली आले. आणखी बोटभर. मला वाटत होतं, स्वतःला झोकून द्यावं खाली, पण लिफ्टला तसं करता येत नाही. जितकं कोणी सोडेल तितकंच तिला जाता येतं.

"बाबा! ऐकू येतंय का? मी आलेय! बोला ना, बाबा!" दोरांच्या भोकातून तिची हाक खाली आली.

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्यांनी तळहात माझ्या लाकडावर दोनदा आपटला. ते वर ऐकू गेलं नसणार.

"साहेब! दार उघडा! लिफ्ट येतेय!" ती किंचाळली.

तिसऱ्या मजल्यावर साहेब किल्ली मुठीत धरून उभे होते. "आमच्या वकिलांना एकदा..." असं काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही घरदार होतं आणि त्या दिव्याची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. ते खोकल्याकडे कान लावून होते. मग खोकला थांबला.

साहेबांना एकदम घाम फुटला. त्यांनी किल्ली आधी उलटीच घातली, मग काढून पुन्हा घातली. शेवटी दार उघडलं. माझा तळ अजून त्यांच्या कमरेच्या वर होता, मधली फट जेमतेम. साहेब टाचा उंचावून माझ्या तेलकट कडेला छाती टेकून उभे राहिले, आत हात घालून मामांचा दंड पकडला आणि शिपायांनी मिळून मामांना बाहेर ओढलं. जिन्याच्या पायरीवर निजवलं, तळमजल्यावरून पंप आणला. बऱ्याच वेळाने मामांची छाती हलली. लेक वरून धावत आली तेव्हा तिच्या तळव्यांना फोड आले होते. तिने बापाचं डोकं मांडीवर घेतलं. ते दोघं नेमके त्या पितळी पट्टीजवळच बसले होते, कचऱ्यात. मी दारातून बघत होते. मला एवढं हायसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मला वाटलं, सुटलो सगळे. मी तेव्हाही भाबडीच होते.

चौकशी बसली. मामांच्या लेकीला विचारलं, "चाक कोणत्या अधिकाराने फिरवलंत?" ती म्हणाली, "आत माझे बाबा होते." लिहिणाऱ्याने लिहिलं, 'अधिकार नव्हता.' कोर्टात राज्याच्या वकिलाने सांगितलं, चाक टपाल खात्याने फिरवलं, म्हणजे लिफ्ट त्यांची. देशाच्या वकिलाने सांगितलं, दार जमीन खात्याने उघडलं, म्हणजे लिफ्ट यांची. एका माणसाचा जीव वाचला, त्याचे दोन तुकडे करून दोघांनी पुरावा म्हणून वापरले. न्यायाधीश शहाणे होते. त्यांनी निकाल दिला, लिफ्ट दोघांची मिळून आहे, दोघांनी एकमेकांच्या संमतीने चालवावी. निकाल चांगलाच होता. पण संमती मागायची कोणी आधी? मग राज्याने तिसऱ्याच्या दाराला कुलूप घातलं आणि देशाने मोटरच्या खोलीला. मी जिथे होते तिथेच राहिले, तिसऱ्याच्या थोडी वर, चौथ्याच्या बरीच खाली.

मॅडमची बढती अडली. साहेबांना ताकीद मिळाली. आणि लेकीची बदली झाली. देशाच्या नोकरीत माणसाला देशाच्या कुठल्याही टोकाला पाठवता येतं. तिला पार त्या टोकाला पाठवलं.

ती म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला. इथे एकटे कसे राहाल?" मामा तेव्हा कायमचे घरी बसले होते. धुराने छाती गेली होती, दर आठवड्याला दवाखान्यात जावं लागायचं. पण दवाखाने राज्याचे. मामा राज्याचे निवृत्त नोकर, त्यांचे उपचार याच राज्यात, सीमा ओलांडली की नाहीत. लेकीच्या खात्याचा दवाखाना तिकडे होता, पण तिथल्या लोकांनी सांगितलं, "तुमचे वडील आमच्यात बसत नाहीत, ते राज्याचे आहेत." तिने इथे बदली मागितली, ती मिळाली नाही. नोकरी सोडते म्हणाली, तर मामांनीच तिला शपथ घातली.

जी रेघ जिन्यात होती, ती आता त्यांच्या ताटांच्या मधून गेली. कोणी मुद्दाम ओढली नाही. दोन्हीकडचे कायदे आपापल्या जागी बरोबरच होते. पण भांडी कोणी घासायची यावर भांडायला आता त्या घरात दुसरं कोणी नाही.

मित्रांनो, मी लाकडाची आणि लोखंडाची. मला बोलून दाखवता येत नाही आणि हलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या संसदेत बसेल, कोणी राज्याच्या विधानसभेत, कोणी अशाच एखाद्या मजल्यावर किल्ली सांभाळत बसेल. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. कामं वाटून घ्या, नीट वाटून घ्या, ती वाटलेलीच बरी. पण वाटणी करताना हेही लिहून ठेवा, की आतून कोणी दार ठोकलं, तर ज्याला आधी ऐकू येईल त्याने उघडायचं, आणि उघडणाऱ्याला पुढे कोणी काही विचारायचं नाही.

मामा अधूनमधून येतात. दवाखान्यातून परत जाताना प्रत्येक पायरीवर थांबत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. श्वास खाली बसेपर्यंत माझ्या कुलूप लावलेल्या दाराला टेकून उभे राहतात. काल आले होते. म्हणाले, "पोरीचा फोन होता गं. सुट्टी नाही मिळाली. पुढच्या वर्षी बघू म्हणाली." त्यांनी दारावर तळहात ठेवला होता, मला आतून त्याची ऊब कळत होती. "ऐकतेस ना?" त्यांनी विचारलं.

ऐकते हो, मामा. सगळं ऐकते. नुसतं ऐकतेच.